लहूभाऊंचं ‘हाकल’ बटण

जॉन्सनव्हिलच्या चढावर वारा माणसाला मागून ढकलत घराच्या दारापर्यंत पोचवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला समोरून अडवून कामावर उशीर करवतो. त्या चढावर लहू तायडे राहतात. वय एक्कावन्न, गाव अकोला, नोकरी न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात, जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपांचे नकाशे सांभाळण्याची. पाइप जुने आहेत आणि मन लावून गळतात, त्यामुळे लहूभाऊंच्या नोकरीला धोका नाही. माणूस दिलदार. गाडीची बॅटरी उतरली म्हणून मध्यरात्री हाक मारा, जंप लीड घेऊन हजर. पण एक खोड आहे. लहूभाऊंना वेळ वाचवायचा असतो. कशासाठी, हे त्यांच्या बायकोलाही अजून कळलेलं नाही.

बुटाच्या लेस बांधण्यात आयुष्य जातं म्हणून हा गृहस्थ इथल्या ऐन जुलैच्या थंडीतही जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून फिरतो. पायांची बोटं जांभळी पडतात, पण वेळ वाचतो. जेवताना कोशिंबीर वरणात कालवतात, कारण पोटात गेल्यावर तसंही तेच होणार. आणि असा काटकसरीने जमवलेला सगळा वेळ ते शनिवारी दुपारी लोकांच्या घरी जाऊन, वेळ कसा वाचवायचा हे समजावून सांगण्यात घालवतात.

अशा माणसाला बुकमार्कलेट सापडलं, म्हणजे माकडाला नुसतं झाडच नाही, अख्खी नारळाची बाग मिळाली.

बुकमार्कलेट म्हणजे काय, हे लहूभाऊंकडून ऐकायचं तर दोन कप चहा लागतो; मी थोडक्यात सांगतो. इंटरनेटवरच्या एखाद्या पानाची खूण आपण ब्राउझरच्या वरच्या पट्टीत ठेवतो, तिला बुकमार्क म्हणतात. दाबलं की ते पान उघडतं. आता त्या खुणेत पानाच्या पत्त्याऐवजी एक इवलासा प्रोग्रॅम ठेवला, तर दाबल्यावर समोर जे पान उघडं असेल त्यावर तो प्रोग्रॅम चालतो. झालं. एवढ्याशा करामतीने लहूभाऊंच्या ब्राउझरची पट्टी लग्नाच्या मांडवाच्या झालरीसारखी भरून गेली. नावं सगळी मराठीत. ‘मोठं’ दाबलं की अक्षरं मोठी. ‘उडी’ दाबलं की पाककृतीच्या पानावर त्या बाईंच्या आजीची, नवऱ्याची आणि मांजराची कहाणी ओलांडून थेट साहित्यावर. ‘भर’ दाबलं की नाव, पत्ता, फोन, ईमेल असे सगळे रकाने आपोआप भरून तयार.

आणि सगळ्यात लाडकं, ‘हाकल’. पानावर गोमाशीसारखं चिकटून बसलेलं काहीही हे बटण उडवून लावायचं. कुकीज घ्या म्हणून गळ्यात पडणारी खिडकी, कोपऱ्यातून ‘मी काही मदत करू का’ म्हणून डोकावणारी चौकट, वर-खाली कुठेही गेलो तरी कपाळावर चिकटलेली रंगीत पट्टी. दाबलं, गेलं.

‘‘पान कसं दिसलं पाहिजे? अंघोळ करून आलेल्या पोरासारखं,’’ लहूभाऊ म्हणत.

विवेक हा त्यांचा पट्टशिष्य. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांना हळूहळू पाय उचला म्हणून सांगतो आणि स्वतः लहूभाऊंच्या नादाने पळत असतो. त्याच्या घरी सगळ्यांनी मिळून जेवायचा बेत होता, तेव्हा लहूभाऊंनी प्रत्येकाला लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं. भरल्या वांग्यांचं पातेलं एका बाजूला, लॅपटॉपांची रांग दुसऱ्या बाजूला, आणि लहूभाऊ मधून फिरत एकेकाच्या पट्टीत बटणं टाकतायत. लसीकरणाची मोहीम असावी तसं.

विनयाताई वॉर्डात सिस्टर आहेत आणि जीभ कायम निर्जंतुक करून ठेवतात. त्या म्हणाल्या, ‘‘लहूभाऊ, ते हाकल बटण मला दोन द्या.’’

‘‘दोन कशाला ताई? एकाच लॅपटॉपला एकच लागतं.’’

‘‘एक लॅपटॉपला. दुसरं घरी सोफ्यावर कोणी चिकटून बसलेलं असतं, त्याला.’’

विनयाताईंच्या यजमानांनी वांग्याकडे लक्ष वळवलं.

आता सुजाताताईंबद्दल. लहूभाऊंच्या पत्नी फार्मसिस्ट आहेत. गोळ्या मोजणारी बाई कमी बोलत असेल असं वाटतं, पण सुजाताताई कॉलेजात वक्तृत्वस्पर्धेच्या ढाली जिंकून आणायच्या. पंचवीस वर्षांपूर्वी अकोल्यात त्यांचं लग्न झालं, तेव्हा वंदना, हार, आणि मग भाषणं असा रीतसर बेत होता. आपल्याकडे लग्नात मामापासून सरपंचापर्यंत सगळे बोलतात. मग नवरीनेच का गप्प बसायचं, म्हणून सुजाताताईंनीही आपलं भाषण तयार केलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लहूभाऊंचा पुण्यात इंटरव्ह्यू होता. त्यांनी बौद्धाचार्यांना तासभर आधीच उभं केलं. वाशिमचे पाहुणे पोचले ते थेट पंगतीत. मामांनी भाषण आटोपतं घेतलं, सरपंच नुसतंच हसले, आणि सुजाताताई माईक हातात घेऊन ‘‘उपस्थित बंधू-भगिनींनो’’ म्हणाल्या, तर शेजारी नवरा घड्याळ बघत होता. त्यांनी माईक खाली ठेवला.

तो माईक त्या विसरल्या नव्हत्या. लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून लहूभाऊंनी ‘‘काय हवं तुला?’’ विचारलं, तेव्हा उत्तर तयार होतं.

‘‘हॉल हवा, माणसं हवीत, माईक हवा. त्या दिवशीचं भाषण मला पुरं करायचंय. आणि मी बोलत असताना तुम्ही घड्याळाकडे बघायचं नाही. दुसरं काही नको.’’

‘‘एवढंच? अगं, मला वाटलं साउथ आयलंडला जायचं म्हणशील.’’

‘‘जेवणाचं आम्ही बघतो, माईक विवेक आणतोय. तुमच्याकडे फक्त हॉल. जमेल?’’

लहूभाऊंनी तिथल्या तिथे हॉलचं पान उघडलं, ‘भर’ दाबलं, आणि चहाला उकळी फुटण्याआधी हॉल बुक. लॅपटॉपची मान बायकोकडे वळवून ते असे हसले, की जणू हॉल त्यांनी बांधून दिला.

त्यांना आठवलं नाही ते एवढंच, की ‘भर’ बटण त्यांनी हॅमिल्टनला रोटोटुनात राहत असताना बनवलं होतं. त्यात फोन तेव्हाचा होता आणि ईमेल सोडून दिलेल्या नोकरीचा. गेली कित्येक वर्षं जगभरातल्या वेबसाइटी लहूभाऊंशी एका बंद पडलेल्या पेटीतून पत्रव्यवहार करत होत्या, आणि ‘‘आपल्याला फालतू मेल येतच नाहीत’’ असं लहूभाऊ छाती काढून सांगत होते.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात दाराचा कोड हवा होता, म्हणून त्यांनी आपल्या बुकिंगचं पान पुन्हा उघडलं. वर एक जाडजूड पिवळी पट्टी आली होती. बोट आपसूक ‘हाकल’वर गेलं. पट्टी गेली. खाली कोड, नकाशा, गाड्या लावायची जागा. पान अंघोळ करून आलेलं.

मागून त्यांची मुलगी धम्मदीना टोस्ट खात चालली होती. वय सतरा, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. ती थांबली. ‘‘डॅड, दॅट वॉज यलो. यलो युजुअली मीन्स समथिंग.’’

‘‘कुकीज असतील गं.’’

‘‘कुकीज आर नेव्हर यलो.’’

स्वयंपाकघरातून सुजाताताईंचा आवाज आला. ‘‘एकदा फोन करून विचारा ना हॉलवाल्यांना.’’

‘‘फोन? ते गाणं लावून बसवून ठेवतात. तेवढ्या वेळात मी हॉल झाडून येईन.’’ असं म्हणून लहूभाऊंनी त्या स्वच्छ पानाचा फोटो काढून लिंकसकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. विवेकने तर स्वतः पान उघडून पाहिलं. पिवळी पट्टी त्यालाही दिसली, आणि गुरूने दिलेल्या बटणाने त्यानेही ती उडवली. विनयाताईंनी सुद्धा. अख्ख्या जॉन्सनव्हिलमधल्या मराठी माणसांनी ती सूचना आपापल्या हाताने हाकलून लावली आणि निर्धास्त झाले.

शनिवारी दुपारी उत्तरेचा वारा सुटला होता. गाड्या येऊ लागल्या. पैठण्या, नऊवारी, जॅकेटं, आणि जॅकेटांखाली पैठण्या. खिरीचं पातेलं दोघांनी धरलेलं. वड्यांचे ट्रे छातीशी कवटाळलेले. सगळी वरात हॉलपाशी आली आणि थांबली.

हॉलभोवती तारेचं कुंपण होतं. कुंपणाला कुलूप. आत दाराला टेकून सिमेंटच्या गोण्या, आणि वाऱ्याने फडफडणारा एक पिवळा कागद.

‘‘मागून दार असेल,’’ लहूभाऊ म्हणाले आणि जँडल वाजवत हॉलला एक वळसा घालून आले. मागे फक्त एक काँक्रीट मिक्सर होता.

मग त्यांनी गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवला. भोवती गर्दी. पान उघडलं, पिवळी पट्टी आली, आणि लोक वाचायच्या आत लहूभाऊंच्या बोटाने सवयीने ‘हाकल’ दाबलं.

‘‘अहो!’’ अशी जी आरोळी उठली, ती बहुधा डोंगरापलीकडच्या पेटोनपर्यंत गेली असावी.

धम्मदीनाने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, पान पुन्हा उघडलं आणि वडिलांचा हात धरून ठेवला. विवेकने मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. ‘‘भूकंपासाठी इमारत मजबूत करायचं काम सुरू आहे. हॉल सहा महिने बंद. ज्यांचं बुकिंग आहे त्यांना ईमेल पाठवले आहेत, फोनही केले आहेत. ज्यांनी उत्तर दिलं नसेल त्यांनी कृपया आम्हाला लगेच कळवा.’’

‘‘मला एकही ईमेल आला नाही,’’ लहूभाऊ म्हणाले.

‘‘व्हॉट ईमेल डिड यू गिव्ह देम?’’ धम्मदीनाने विचारलं. पडद्यावर बुकिंग करणाऱ्याचा पत्ता स्पष्ट दिसत होता. रोटोटुना, हॅमिल्टन. फोन जुना. ईमेल त्याहून जुना.

विनयाताई म्हणाल्या, ‘‘म्हणजे निरोप हॅमिल्टनला गेला आणि पाहुणे इथे आले.’’

‘‘ताई, तुम्हीही हाकललीत ना पट्टी?’’ विवेकने विचारलं.

‘‘मी सिस्टर आहे. डॉक्टरांनी दिलेलं औषध देते.’’

लोक हसले. सुजाताताई हसल्या नाहीत. त्या पदर दोन्ही हातांनी धरून कुंपणाकडे बघत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, ‘‘चला. घरी जाऊ. दिवाणखान्यात मावतील तेवढे बसतील. दोन शब्द बोलते आणि जेवू या.’’

त्या भांडल्या असत्या तर लहूभाऊंनी सहन केलं असतं. पंचवीस वर्षांचा सराव होता. पण ‘दोन शब्द’ ऐकल्यावर माणसाचा चेहरा उतरला. ते इकडे बघू लागले, तिकडे बघू लागले. इथे दाबायला काही नव्हतं.

रस्त्यापलीकडे लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाचा, क्लब होता. कातरलेलं हिरवंगार मैदान, बाजूला बसकं लाकडी क्लबघर. पांढऱ्या टोप्या घातलेली म्हातारी माणसं वाऱ्याला कंटाळून आत चालली होती. लहूभाऊ धावत रस्ता ओलांडून गेले. विवेक मागोमाग गेला, म्हणून पुढची हकीकत आपल्याला कळते.

दारात बेव्ह नावाची बाई उभी होती. क्लबची सेक्रेटरी, ऐंशीच्या आगेमागे, हातात किटली. ‘‘किआ ओरा,’’ तिने माओरीत नमस्कार केला.

लहूभाऊंनी एका दमात सगळं सांगितलं. हॉल, पट्टी, बटण, बायको, माईक, अकोला.

बेव्हने ऐकून घेतलं. ‘‘चहा घेणार?’’

‘‘नको, आम्ही जरा घाईत...’’

‘‘मग चहा घेच,’’ म्हणून तिने खुर्ची ओढली. ‘‘अध्यक्षांना विचारायला हवं. फोन लावते.’’

अध्यक्ष बागेत होते. फोन त्यांच्या बायकोने घेतला. आधी तिच्या गुडघ्याची चौकशी झाली, मग डेलियाच्या कंदांची. लहूभाऊ खुर्चीच्या काठावर बसून पाय हलवत होते. बेव्हने बोलता बोलता बिस्किटांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी बिस्कीट घेतलं. अध्यक्ष हात धुऊन आले. त्यांना सगळी कथा पहिल्यापासून सांगण्यात आली, गुडघ्यासकट. मग बेव्हने फोनवर हात ठेवून विचारलं, ‘‘किती वेळासाठी हवी जागा?’’

विवेक शपथेवर सांगतो, लहूभाऊंच्या खिशात कार्यक्रमाचा आराखडा होता. वंदना, केक, भाषण, जेवण. प्रत्येकाला मिनिटं वाटून दिलेली. भाषणाच्या वाट्याला सगळ्यात कमी. त्यांचा हात खिशाकडे गेला. तिथेच थांबला.

‘‘माझी बायको बोलायची थांबेपर्यंत,’’ ते म्हणाले.

बेव्हने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ‘‘माझा नवरा रॉन जन्मात असं वाक्य बोलला नाही,’’ म्हणाली, आणि फोनमध्ये सांगितलं, ‘‘जॉर्ज, मी हो म्हणतेय.’’

दोनच अटी होत्या. हिरवळीवर कोणी बूट घालून जायचं नाही, आणि आत बसलेले मेंबर आत बसूनच राहणार, कारण बाहेर वारा होता आणि वड्यांचे ट्रे आता आत येणार होते.

बोल्स क्लबच्या ढालींच्या भिंतीखाली टेबल मांडलं, त्यावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. वंदना झाली. पांढऱ्या टोप्यावाले टोप्या काढून उभे राहिले, आणि ‘साधु साधु साधु’ला पहिल्यापेक्षा तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज मोठा होता. मग विवेकने माईक सुजाताताईंच्या हातात दिला.

‘‘उपस्थित बंधू-भगिनींनो,’’ त्या म्हणाल्या, आणि सवयीने शेजारी पाहिलं. लहूभाऊंचं मनगट मोकळं होतं. घड्याळ काढून त्यांनी बेव्हकडे ठेवायला दिलं होतं. त्याशिवाय आपला आपल्यावर भरवसा नव्हता, असं ते नंतर म्हणाले.

सुजाताताई सुरू झाल्या. तेवढ्यात मागून बेव्हने हात वर केला. ‘‘सॉरी लव्ह, काय म्हणतेय ती? आम्हालाही ऐकायचंय.’’

मग धम्मदीना उठली, आईशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने क्लबचा दुसरा माईक घेतला. जन्मात घरी एक मराठी वाक्य न बोललेली ही मुलगी आईच्या प्रत्येक वाक्याचं इंग्रजी करू लागली. काही सुटत नव्हतं. आई म्हणाली, ‘‘बघायला आले तेव्हा हे चहा न फुंकता प्यायले आणि जीभ भाजून घेतली. मला वाटलं, मुलगा लाजतोय म्हणून बोलत नाही.’’ धम्मदीना म्हणाली, ‘‘शी थॉट ही वॉज शाय. ही वॉज इंजर्ड.’’ एकाच विनोदाला क्लबघर दोनदा हसलं. एकदा पैठण्या, मग पांढऱ्या टोप्या.

अर्थात भाषणाला वेळही दुप्पट लागू लागला. एवढं लांबलेलं भाषण लहूभाऊंनी आयुष्यात बसून ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी पाय हलवले. मग बोटं मोडली. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला यातलं बरंच माहीत नव्हतं. पुण्याला गेलेल्या नवऱ्याचा निरोप येईपर्यंत सुजाताताई रोज संध्याकाळी शेजारच्या टेलिफोन बूथवर जाऊन बसत, हे त्यांनी आज ऐकलं. बूथवाल्याने शेवटी त्यांनाच गल्ल्यावर बसवून स्वतः जेवायला जायला सुरुवात केली होती, हेही. ‘‘मग तू मला कधी सांगितलं नाहीस?’’ ते मध्येच बोलून गेले.

‘‘तुम्हाला थोडक्यात हवं असायचं,’’ सुजाताताई माईकवर म्हणाल्या. ‘‘ही गोष्ट थोडक्यात होत नाही.’’

धम्मदीनाने याचं इंग्रजी केलं. पांढऱ्या टोप्यांतून ‘‘हिअर, हिअर’’ अशी दाद आली. एका आजोबांनी वडा वर धरून सुजाताताईंना सलाम केला.

बाहेर उजेड उतरत चालला. खिरीचं पातेलं दोनदा गरम झालं. विनयाताई डोळे पुसत होत्या आणि विचारलं तर कांद्याला दोष देत होत्या. सुजाताताई आत्ता कुठे टेलिफोन बूथ सोडून व्हिसाच्या मुलाखतीकडे वळल्या होत्या. न्यूझीलंड अजून बरंच लांब होतं. त्यांनी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं आणि पाणी मागितलं.

लहूभाऊ उठले. सगळ्यांना वाटलं, आता हे काहीतरी आवरतं घ्यायला सांगणार. विवेकने तर डोळेच मिटले. लहूभाऊंनी पाण्याचा ग्लास आणून बायकोच्या हातात दिला, कोपऱ्यातली गादीवाली खुर्ची उचलली, टेबलामागून वळसा घालून आणली आणि तिच्यामागे ठेवली.

‘‘बस,’’ ते म्हणाले. ‘‘उभ्याने कुठवर सांगशील?’’

‘‘सिट डाउन, ही सेज,’’ धम्मदीनाने कळवलं. ‘‘शी’ज नॉट ईव्हन हाफवे.’’

बेव्हने किटली पुन्हा चढवली.